न्यूयॉर्कची सात नंबर इमारत : कटाचे दावे आणि त्यांची खंडनं, एकाच तराजूत

तुळईचा_हिशेब (धागाकर्ता)

११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये जुळे मनोरे पडले, आणि त्याच संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांनी शेजारची वर्ल्ड ट्रेड सेंटर ७ ही ४७ मजली इमारतही पडली. हिला विमान धडकलं नव्हतं. तिचा काही सेकंदांचा व्हिडिओ अजून फिरतो. एक गट म्हणतो, सुरुंग लावून पाडली. दुसरा म्हणतो, हे सगळं केव्हाच खोटं ठरलंय. वाद घालणाऱ्या बहुतेकांनी मूळ अहवाल उघडलेलाच नसतो, आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे.

या धाग्यावर फक्त याच इमारतीबद्दल बोलू. मनोऱ्यांचा संदर्भ लागेल तेवढाच. विनंती एकच: "कट होता" किंवा "कट नव्हता" असं घाऊक लिहू नका. एक दावा घ्या. त्यात प्रत्यक्ष दिसलेली किंवा मोजलेली गोष्ट कोणती, ती कुणी मोजली, आणि आगीने पडली असती तर काय दिसलं असतं व स्फोटाने पाडली असती तर काय, हे लिहा. दोन्ही बाबतींत तेच दिसणार असेल तर त्या निरीक्षणाने काहीच ठरत नाही.

सरकारी तपास अमेरिकेच्या निस्ट (राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्था) या संस्थेने केला. मसुदा ऑगस्ट २००८ मध्ये आला, अंतिम अहवाल नोव्हेंबर २००८ मध्ये. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: उत्तर मनोरा सकाळी १०:२८ ला पडला, त्याचे जळते तुकडे सुमारे ११० मीटरवरच्या या इमारतीवर आदळले आणि आगी लागल्या. ७ ते ९ आणि ११ ते १३ या मजल्यांवरच्या आगी दिवसभर पसरत राहिल्या. ईशान्य भागातले सुमारे १६ मीटर लांबीचे बीम तापून लांबले. त्यांनी ४४ आणि ७९ नंबरच्या कॉलममधला १३ व्या मजल्याचा गर्डर (बीमना पेलणारी मोठी तुळई) त्याच्या बैठकीवरून ढकलला. तो मजला पडला, खालचे काही मजले त्याच्या माराने गेले, ७९ नंबरच्या कॉलमचा आधार सुटून तो बकल झाला, म्हणजे भाराखाली वाकून निकामी झाला, आणि तिथून पुढे आतली चौकट पूर्वेकडून पश्चिमेकडे कोसळत गेली.

सावधवाचक

मग सर्वात भक्कम मुद्द्यापासूनच सुरुवात करू: मुक्त पतन, म्हणजे खालून काहीच विरोध नसताना पडणं.

ऑगस्ट २००८ च्या मसुद्यात निस्टने लिहिलं होतं की वरचे १८ मजले नजरेआड व्हायला ५.४ सेकंद लागले आणि मुक्त पतनाला ३.९ लागले असते, म्हणजे ४० टक्के जास्त वेळ लागला. डेव्हिड चँडलर या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने फ्रेम मोजून जाहीर हरकत घेतली. अंतिम अहवालात निस्टने मान्य केलं की मधले २.२५ सेकंद, साधारण ८ मजले म्हणजे ३२ मीटर, इमारतीची उत्तर बाजू गुरुत्वाकर्षणाच्याच प्रवेगाने खाली आली.

तेव्हा "मुक्त पतन झालंच नाही" असं जे खंडनवाले आजही लिहितात, ते निस्टच्याच अंतिम अहवालाच्या विरुद्ध लिहितात. हे आधी नोंदवा.

भारवाहक

नोंदवलं, आणि पूर्ण सहमत. सरासरी काढली की मधला टप्पा झाकला जातो. मसुद्यात तेच झालं होतं.

आता त्या मुक्त पतनातून नेमकं काय सिद्ध होतं ते पाहू. २.२५ सेकंद त्या बाहेरच्या भिंतीला खालून जवळजवळ काहीच विरोध नव्हता, एवढंच. विरोध का नव्हता, हे प्रवेग सांगत नाही.

अंतिम अहवालात तीन टप्पे आहेत: १.७५ सेकंद मुक्त पतनापेक्षा हळू, २.२५ सेकंद मुक्त पतन, मग १.४ सेकंद पुन्हा हळू. गणित करून बघा. स्थिर अवस्थेतून सोडलेली वस्तू २.२५ सेकंदांत ½ × ९.८१ × २.२५² = २४.८ मीटर पडते. इथे ती ३२ मीटर पडली. उरलेले ७.२ मीटर भागिले २.२५, म्हणजे हा टप्पा सुरू होतानाच इमारत सेकंदाला सुमारे ३.२ मीटर वेगाने खाली येत होती. पहिल्या १.७५ सेकंदांत शून्यावरून ३.२ वर गेली, म्हणजे सरासरी प्रवेग १.८, गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या भागापेक्षा कमी. त्या काळात कॉलम वजनाचा बराचसा भार अजून पेलत होते आणि पेलता पेलता वाकत होते.

कॉलम एकदा बकल झाला की त्याची ताकद हळूहळू उतरत नाही, झपाट्याने कोसळते. दर मजल्यावर बीमने धरलेला कॉलम एक मजला लांबीचा कॉलम म्हणून काम करतो. आतले मजले गेले, आडवा आधार सुटला, तर तोच कॉलम ८ मजले लांबीचा होतो. कॉलम बकल होण्याच्या ऑयलरच्या सूत्रात ताकद लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आहे, म्हणजे ८ पट लांबीला ६४ वा हिस्सा. जाडजूड कॉलमला एक मजला लांबीवर ते सूत्र तंतोतंत लागत नाही, पण आधार सुटल्यावर घसरण कोणत्या पायरीची असते ते यातून कळतं.

सावधवाचक

तुमच्या १.७५ सेकंदांवर मला हरकत आहे. निस्टने सुरुवातीचा क्षण छताच्या कडेवरच्या एका बिंदूचा रंग बदलला तिथून धरला. तो कॅमेरा खालून वर बघतो. भिंत उत्तर-दक्षिण दिशेत थोडी आत झुकली तरी त्या कोनातून ती खाली गेल्यासारखी भासते. पहिल्या टप्प्यातली हालचाल खरंच उभी होती की काही अंशी आडवी, हे एका कॅमेऱ्यावरून सांगता येत नाही. सुरुवात उशिराची धरली तर पहिला टप्पा आखूड होतो आणि मुक्त पतन अचानक सुरू झालेलं दिसतं.

भारवाहक

हरकत रास्त आहे. पहिला टप्पा नेमका किती लांब होता यावर मी काहीही पणाला लावणार नाही. ३.२ चा वेग मुक्त पतनाने मिळवायला फक्त एक तृतीयांश सेकंद लागतो, त्यामुळे त्या वेगाने तुमचा दावा बाद होत नाही. पहिल्या टप्प्याचा पुरावा दोन्हीकडे कमजोर आहे असं धरू.

मग निर्णय कशावर करायचा? पेंटहाऊसवर.

तुळईचा_हिशेब

पेंटहाऊसबद्दल नवीन वाचकांसाठी: इमारतीच्या गच्चीवर पूर्वेकडे यंत्रसामग्रीची एक खोली होती. उत्तर बाजूची भिंत खाली यायला लागण्याच्या सुमारे ६.९ सेकंद आधी ती मधोमध मोडून इमारतीच्या आत गडप झाली. ७९ नंबरचा कॉलम बरोबर तिच्या खाली येतो. फिरणाऱ्या बहुतेक क्लिपा यानंतर सुरू होतात, म्हणून "अख्खी इमारत एका क्षणात खाली बसली" असं वाटतं. खंडनवाल्यांचा हा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. कापलेली क्लिप दाखवून "सगळे कॉलम एकाच वेळी गेले" म्हणणं हा पुरावाच नव्हे.

सावधवाचक

क्लिप कापणं चूक, मान्य. पण उलट प्रश्न असा: आतली सगळी चौकट आधीच कोसळली असेल तर बाहेरची भिंत त्या ६.९ सेकंदांत इतकी सरळ कशी राहिली? निस्टच्या संगणकीय सादरीकरणात ती भिंत चुरगळते, आत ओढली जाते. व्हिडिओत ती बरीच सपाट खाली येते, मधोमध थोडा बाक येतो इतकंच.

भारवाहक

पेंटहाऊसच्या खालच्या पट्ट्यात, पूर्वेकडच्या काही खिडक्या त्या वेळी फुटताना दिसतात. आत काहीतरी खालपर्यंत गेलं याची ती खूण आहे. पण सादरीकरण आणि व्हिडिओ यांच्यात फरक आहे हे खरंच, आणि तो मोठा फरक आहे. अशा मॉडेलमध्ये हजारो जोड तुटतात. प्रत्येक जोड कधी तुटला यात बारीकसा फरक पडला की शेवटचा आकार वेगळा येतो. म्हणून मी ते मॉडेल सुरुवात कुठून झाली हे तपासायला वापरेन, कोसळतानाचा भिंतीचा आकार सांगायला वापरणार नाही. त्या चित्राला "हुबेहूब जुळतं" म्हणणारे खंडनवाले जास्त बोलतात.

मीनल_ठाणे

सर, बाकी वाचून कळतंय, पण एक मुळातलंच विचारते. लोखंड तर १५०० डिग्रीला वितळतं. ऑफिसातल्या कागद-फर्निचरच्या आगीने इतकं तापमान येतं का?

धातुपरीक्षक

नाही येत, आणि यायची गरजही नाही. साधं बांधकामाचं पोलाद १५०० सेल्सियसच्या आसपास वितळतं. ऑफिसच्या आगीत हवेचं तापमान १००० पर्यंत जातं. पण ६०० ला पोलादाची ताकद साधारण निम्मी उरते आणि ताठरपणा त्याहूनही जास्त घटतो. त्यामुळे "लोखंड वितळत नाही म्हणून इमारत पडू शकत नाही" हा दावा तिथेच संपतो.

सात नंबरच्या बाबतीत तर पोलाद मऊ होणं हा मुख्य मुद्दाच नाही. निस्टचं म्हणणं आहे की लांबण्यामुळे जोड तुटायला ४०० च्या खालचं तापमानही पुरतं. पोलाद तापलं की लांबतं आणि दोन्ही टोकांना अडवलेलं असेल तर जोडांवर प्रचंड रेटा येतो. बोल्ट कातरले जातात, वेल्ड तुटतात.

सावधवाचक

त्या लांबण्याचा हिशेब इथे मांडा की. मीच मांडतो. बीम १६.१५ मीटर. प्रसरणांक वाढलेल्या तापमानाला दर डिग्रीला १४ × १०⁻⁶ धरू. ४०० डिग्रीच्या वाढीला १६.१५ × १४ × १०⁻⁶ × ४०० = ९० मिलिमीटर. ६०० ला १३६ मिलिमीटर. त्यापुढे बीम खाली झोल घेतो, म्हणून टोक आणखी पुढे जात नाही.

आता गर्डर बैठकीवरून निसटायला किती सरकायला हवा? २००८ च्या अहवालात ५.५ इंच, म्हणजे १४० मिलिमीटर. पुढे मूळ शॉप ड्रॉइंग (कारखान्यातले बांधणीचे नकाशे) लोकांच्या हाती आली तेव्हा दिसलं की बैठकीची प्लेट ११ इंचांची नसून १२ इंचांची होती. २०१२ मध्ये निस्टने शुद्धिपत्र काढलं आणि सरकण्याचं अंतर ६.२५ इंच केलं, म्हणजे १५९ मिलिमीटर. १३६ मध्ये १५९ कसे बसतात? शिवाय त्याच गर्डरच्या टोकाला वेबला (मधल्या उभ्या पत्र्याला) जोडलेल्या स्टिफनर, म्हणजे मजबुतीच्या, प्लेट ड्रॉइंगमध्ये आहेत आणि निस्टच्या विश्लेषणात धरलेल्या नाहीत.

भारवाहक

या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा प्रतिसाद हाच आहे. ज्यांना हा विषय गांभीर्याने घ्यायचाय त्यांनी तो दोनदा वाचावा.

हिशेब बरोबर आहे. एकटा बीम, मोकळं प्रसरण, एवढंच धरलं तर १५९ पर्यंत पोचत नाही. निस्टचं उत्तर असं की दुरुस्तीने निष्कर्ष बदलत नाही आणि स्टिफनर वेब चुरगळू नये म्हणून असतात, इथे बिघाड वेगळ्या प्रकारचा होता. स्टिफनर कशासाठी असतात ते बरोबर आहे, पण त्याच स्टिफनरमुळे गर्डरचं खालचं फ्लँज (आडवी पट्टी) वाकून निसटणंही अवघड होतं. पुरेसं उत्तर म्हणून मला ते पटत नाही.

मात्र यातून काय बाद झालं तेही नीट पाहा. १३ व्या मजल्यावरचा तोच गर्डर नेमका त्याच पद्धतीने निसटला, हा तपशील डळमळीत झाला. आगीने जोड तुटायच्या इतर वाटा शिल्लक आहेत. झोल घेतलेला बीम थंड होताना आखडतो आणि जोड आत ओढतो. ऑफिसची आग एका जागी २० ते ३० मिनिटं जोरात जळते आणि पुढे सरकते, म्हणजे मागे सोडलेला भाग थंड होत असतो. त्याशिवाय गर्डर आडवा कलंडणं, बोल्ट आधी कातरून मग बैठकीचा वेल्ड जाणं, हेही आहेच.

इमारतीखालच्या वीज उपकेंद्राच्या नुकसानीवरून जो खटला चालला, त्यातही दोन्ही पक्षांच्या तज्ज्ञांनी स्वतंत्र विश्लेषणं केली होती. सुरुवात नेमकी कशी झाली याबद्दल ती निस्टशी पूर्ण जुळत नाहीत, पण आग आणि ईशान्येकडचा मजल्यांचा भाग हे दोन्हींत आहे. न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये निकाल देताना, एवढ्या आगी विझवायला कुणी नसताना इमारत पडणारच होती, अशा अर्थाचं मत नोंदवलं.

म्हणून माझा निकाल दोन तुकड्यांत: कोणत्या भागातून सुरुवात झाली हे पेंटहाऊसमुळे भक्कम आहे. कोणत्या जोडातून, हे सिद्ध झालेलं नाही.

सावधवाचक

तुम्ही एवढं स्पष्ट लिहिलंत याबद्दल आभार. याच जागी विदा लपवण्याचा मुद्दा येतो. जोडांच्या बिघाडाची गणितं आणि मॉडेलच्या इनपुट फाइल बाहेरच्या इंजिनिअरांनी मागितल्या. जुलै २००९ मध्ये निस्टच्या संचालकांनी लेखी नोंद केली की त्या उघड केल्यास सार्वजनिक सुरक्षिततेला धोका पोचू शकतो, म्हणून देणार नाही. दुसऱ्याला चालवून बघता येत नाही अशा मॉडेलवर विश्वास का ठेवायचा?

भारवाहक

ठेवायचा तो कमीच ठेवायचा. त्या नोंदीचं समर्थन मी करणार नाही. इमारती आगीत कशा पडतात हे सर्वांना कळावं म्हणून तपास होतो आणि त्याचं मूळ गणितच बंद ठेवलं जातं. बांधकाम क्षेत्राचं यात नुकसान आहे.

पण अलास्का विद्यापीठाचा लीरॉय हल्सी यांचा मार्च २०२० चा अहवालही याच मापाने मोजा. खर्च सुरुंगाचा दावा मांडणाऱ्या आर्किटेक्ट-इंजिनिअरांच्या संघटनेने दिला. तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. त्यातला १३ व्या मजल्याच्या जोडाबद्दलचा भाग वाचण्यासारखा आहे, बैठक आणि स्टिफनरचे मुद्दे त्यात आहेत. पुढे मात्र "सगळे कॉलम जवळजवळ एकाच वेळी गेले" हा निष्कर्ष येतो, आणि तिथे कॉलम मॉडेलमधून काढून टाकून इमारत कशी हलेल ते दाखवलंय. कॉलम कशाने गेले याचा शोध त्यात नाही. आगीच्या एका वाटेत खोट निघाली म्हणजे दुसरी कुठलीही वाट आपोआप सिद्ध होत नाही.

सुरुंगवाला

आता सुरुंगाच्या बाजूचा हिशेब मांडतो. तोही तितक्याच काटेकोरपणे तपासायला हवा आणि तो सहसा कुणी मागत नाही.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे: नोएडाचे सुपरटेकचे जुळे टॉवर, २८ ऑगस्ट २०२२. काम मुंबईच्या एडिफिस इंजिनिअरिंगचं आणि दक्षिण आफ्रिकेच्या जेट डिमोलिशनचं. सुमारे ३,७०० किलो स्फोटकं, कॉलम-भिंतींत पाडलेली ९,००० पेक्षा जास्त भोकं. आधी प्लास्टर, दारं-खिडक्या, विटांच्या भिंती काढल्या. कॉलमभोवती तारेची जाळी आणि जिओटेक्स्टाइल कापड गुंडाळलं. एप्रिलमध्ये चाचणी स्फोट घेतला. नुसती स्फोटकं भरायला आठवड्याहून जास्त काळ गेला.

ते आरसीसी होतं. पोलादी चौकटीला भोकं पाडून चालत नाही. तिथे तांब्याच्या आवरणाचे कापणारे चार्ज कॉलमच्या फ्लँजला आणि वेबला थेट चिकटवावे लागतात. त्यासाठी कॉलमभोवतीची जिप्सम बोर्डाची पेटी आणि अग्निरोधक लेप खरवडून काढावा लागतो. बहुतेक वेळा कॉलम आधीच गॅसने अर्धवट कापून ठेवतात, नाहीतर चार्जचं वजन परवडत नाही. डेट्रॉइटचं हडसन दुकान ऑक्टोबर १९९८ मध्ये पाडलं, तेव्हा १२ जणांच्या तुकडीने २४ दिवसांत ४,११८ चार्ज बसवले. तेही रिकाम्या इमारतीत.

सात नंबरमध्ये ८१ कॉलम होते, २४ आतले आणि ५७ बाहेरच्या ओळीतले. ८ मजल्यांचं मुक्त पतन स्फोटाने घडवायचं तर प्रत्येक कॉलम एकाच जागी कापून भागत नाही. कापलेला तुकडा खालच्या तुकड्यावर टेकतो. अनेक पातळ्यांवर कापायला हवं. बाहेरचे ५७ कॉलम खिडक्यांच्या अगदी शेजारी, भाडेकरूंच्या वापरातल्या ऑफिसांत.

आणि आवाज. निस्टने फक्त एक कॉलम उडवण्याचा हिशेब केला: आधी कापून ठेवलेला कॉलम धरला तरी सुमारे ४ किलो आरडीएक्स, आणि ८०० मीटरवर १३० ते १४० डेसिबल. मध्ये इमारती नसतील तर हा आवाज कुठल्याही कॅमेऱ्यावर येणारच. कोसळण्याच्या आधीच्या ध्वनिमुद्रणांत तसा आवाज नाही.

शिवाय नोएडा बघा. १०० मीटर उंचीवरून मुक्त पतनाला साडेचार सेकंद लागतात. टॉवर पडायला ९ लागले. म्हणजे खऱ्या सुरुंगातही मुक्त पतन होत नाही.

तुळईचा_हिशेब

सुरुंगवाला साहेब, बाकी सगळं उत्तम, पण शेवटचा परिच्छेद मागे घ्यावा असं सुचवतो. नोएडात चार्ज एकदम उडवले नव्हते. कंप आणि ढिगारा आटोक्यात ठेवायला थोड्या थोड्या अंतराने, एकामागोमाग उडवले. त्या ९ सेकंदांत ती मुद्दाम ठेवलेली अंतरं धरलेली आहेत. आणि मजला मजल्यावर आपटत खाली येणारं आरसीसी आणि आतून पोकळ झालेली पोलादी भिंत यांची सरासरी वेळेवरून तुलना म्हणजे २००८ च्या मसुद्यातलीच पद्धत झाली.

सुरुंगवाला

बरोबर. वेळेची तुलना सोडून द्या. तयारी आणि आवाज हे दोन मुद्दे तिच्याशिवाय उभे राहतात.

सावधवाचक

आवाजाचं उत्तर म्हणून थर्माइट सांगितलं जातं. ते स्फोट करत नाही, कापतं.

धातुपरीक्षक

थर्माइट म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची पूड. जळताना २००० च्या वर तापमान जातं आणि वितळलेलं लोखंड तयार होतं. काही खंडनवाले म्हणतात की ते फक्त खाली वाहतं, उभा कॉलम आडवा कापूच शकत नाही. हे चूक आहे. फट ठेवलेल्या पोलादी पेटीतून झोत बाजूला वळवता येतो आणि हौशी प्रयोगांत उभं पोलाद तसं कापलं गेलंय.

अडचण वेळेची आहे. थर्माइटला कापायला काही सेकंद लागतात आणि ते प्रत्येक ठिकाणी थोडे कमी-जास्त लागतात. "सगळे कॉलम एकाच क्षणी गेले" या दाव्याला लागणारा नेमकेपणा त्यात नाही. म्हणजे शांतता हवी तर एककालिकता सोडावी लागते, एककालिकता हवी तर आवाज येतो. सुरुंगाच्या दाव्यात दोन्ही एकदम लागतात.

धुळीत थर्माइट सापडल्याचा निबंध एप्रिल २००९ मध्ये नील्स हॅरिट आणि सहकाऱ्यांनी छापला. आपल्याला न विचारता छापला म्हणून त्या नियतकालिकाच्या मुख्य संपादिकेने राजीनामा दिला. पण संपादिकेचा राजीनामा म्हणजे रसायनशास्त्रातलं उत्तर नव्हे, ते वेगळं द्यावं लागतं. ते असं: धुळीतल्या त्या कणांच्या लाल थरात लोखंडाचा ऑक्साइड, सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम एकत्र दिसतात. केओलिन (एक पांढरी माती) आणि गेरूसारखं रंगद्रव्य घातलेल्या इपॉक्सी प्रायमरमध्ये, म्हणजे पोलादावरच्या पहिल्या रंगात, हेच सापडतं. फरक ठरतो ॲल्युमिनियम सुटा धातू आहे की केओलिनमध्ये बांधलेला, यावर. २०१२ मध्ये जेम्स मिलेट यांनी तशाच कणांवर इलेक्ट्रॉन विवर्तन आणि अवरक्त वर्णपट घेतला. त्यात केओलिन आणि इपॉक्सी निघालं, सुटं ॲल्युमिनियम नाही.

एक गोष्ट मात्र उघडीच राहिली. फेमा या अमेरिकी आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या २००२ च्या अहवालाच्या क परिशिष्टात सात नंबरमधला पोलादाचा एक तुकडा आहे. वुस्टर पॉलिटेक्निकच्या प्राध्यापकांनी तो तपासला. कडा झिजून कागदासारख्या पातळ, पृष्ठभागावर गंधकाचा हल्ला, लोखंड-ऑक्सिजन-गंधकाचं मिश्रण सुमारे १००० ला द्रवरूप झालेलं. गंधक जिप्सममधून, जळक्या ढिगाऱ्यातून येऊ शकतो, आणि हे कोसळण्याआधी झालं की नंतर ढिगाऱ्यात, हे तुकड्यावरून कळत नाही. लेखकांनी पुढे तपासा असं स्पष्ट म्हटलं होतं. निस्टने सात नंबरच्या तपासात ओळख पटलेलं पोलाद हाती नसल्याचं सांगून धातुपरीक्षा केलीच नाही. ढिगारा भंगारात घाईने गेला, ही त्या तपासातली मोठी हानी आहे.

अग्निरेखा

आगीच्या बाजूने दोन मुद्दे राहिलेत.

पहिला, "पोलादी उंच इमारत आगीने कधीच पडलेली नाही". २००१ पर्यंत याला आधार होता. फिलाडेल्फियाची वन मेरिडियन प्लाझा १९९१ मध्ये १८ तासांहून जास्त जळली आणि उभी राहिली. इंग्लंडमध्ये कार्डिंग्टनला ८ मजली पोलादी चौकट मुद्दाम जाळली, लेप नसलेले बीम ८०० च्या वर तापले, तरी ती पडली नाही. खंडन करताना हे सांगायला हवं. नंतर माद्रिदच्या विंडसर टॉवरचा वरचा पोलादी भाग २००५ मध्ये कोसळला आणि काँक्रीटचा गाभा राहिला. १९ जानेवारी २०१७ ला तेहरानची प्लास्को इमारत आगीने पूर्ण पडली, आत अग्निशमन दलाचे जवान होते. साओ पावलोची २०१८ ची इमारत या यादीत टाकू नका, ती आरसीसी होती.

आणि प्रत्येक उदाहरणाला विचारा: पाणी होतं का? सात नंबरच्या खालच्या २० मजल्यांचे स्प्रिंकलर थेट शहराच्या जलवाहिनीवर होते आणि ती मनोरे पडताना फुटली. दिवसभर जळत राहिलेल्या आगीही त्याच मजल्यांवर होत्या.

दुसरा, लेपाचे तास. "बीमला २ तासांचं रेटिंग होतं" म्हणजे इमारत २ तास टिकेल असा अर्थ नाही. भट्टीतली चाचणी साधारण ५ मीटरच्या तुकड्यावर होते. १६ मीटरचा बीम लांबून शेजारच्या गर्डरला ढकलतो का, हे त्या भट्टीत दिसतच नाही.

आधीच ठाऊक होतं का, यावरही एक ओळ. दुपारीच अग्निशमन दलाने नैऋत्य कोपऱ्यात, १० ते १३ मजल्यांच्या दरम्यान आलेला फुगवटा थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) लावून बघितला होता आणि इमारत पडेल असं ठरवून आजूबाजूचा भाग रिकामा केला. बहुधा त्यामुळेच बीबीसीवर कोसळल्याची बातमी सुमारे २० मिनिटं आधी गेली. मालक लॅरी सिल्व्हरस्टीन यांच्या मुलाखतीतल्या "पुल इट" या दोन शब्दांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मीनल_ठाणे

या तपासाने नियमांत काही बदललं का?

अग्निरेखा

मनोऱ्यांच्या तपासाच्या शिफारशींनंतर अमेरिकेच्या २००९ च्या आदर्श बांधकाम संहितेत बदल झाले. स्प्रे केलेला लेप पोलादाला किती घट्ट चिकटायला हवा, तर ७५ फुटांवरच्या इमारतींना दर चौरस फुटाला ४३० पौंड आणि ४२० फुटांवरच्यांना १,०००. आधी १५० पुरत होते. ४२० फुटांवर एक जादा जिनाही आला. सात नंबरच्या तपासात निस्टने लांब गाळ्यांतल्या बीमचं प्रसरण डिझाइनमध्ये धरायची शिफारसही केली, पण ती अजून मुख्यतः डिझायनरच्या समजुतीवर आहे. मला हा भाग फार खटकतो.

मीनल_ठाणे

शेवटचं विचारते. मुक्त पतनाचं मोजमाप घरी करून बघायचं तर कसं करायचं? मुलांना घेऊन करायचा विचार आहे.

तुळईचा_हिशेब

जरूर करा. ट्रॅकर नावाचं मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

क्लिप अशी घ्या जिच्यात पूर्वेकडचं पेंटहाऊस उभं दिसतंय आणि कॅमेरा तिपाईवर आहे. हलणारा कॅमेरा असेल तर शेजारच्या स्थिर इमारतीचा कोपरा दुसरा बिंदू म्हणून धरा आणि त्याची हालचाल वजा करा. फ्रेमचा वेग सेकंदाला २९.९७ आहे का ते बघा. वारंवार अपलोड झालेल्या क्लिपांत फ्रेम गाळलेल्या किंवा दुप्पट केलेल्या असतात आणि सगळं गणित तिथेच बिघडतं. सलग दोन फ्रेम हुबेहूब सारख्या दिसल्या तर ती क्लिप टाकून द्या.

मोजपट्टी म्हणून मजल्याची उंची वापरा, सामान्य मजला ३.८९ मीटर. एक मजला धरू नका, १० मजले मोजून भागा. कोपऱ्याचा बिंदू निवडा, छताच्या मधला नको, कारण तिथे बाक येतो.

दर ०.१ सेकंदाला बिंदू नोंदवा. प्रवेग मात्र लागोपाठच्या तीन बिंदूंवरून काढू नका. एक पिक्सेल ०.३ मीटरचा असेल आणि मधल्या बिंदूत एका पिक्सेलची चूक झाली, तर प्रवेगात २ × ०.३ भागिले ०.०१, म्हणजे ६० ची चूक येते, गुरुत्वाकर्षणाच्या सहापट. त्याऐवजी वेग-काळाचा आलेख काढा आणि किमान एका सेकंदाच्या बिंदूंवर सरळ रेषा बसवा. उतार ९.८ च्या जवळ येईल तो तुकडा शोधा. रेषेची सुरुवात अर्धा सेकंद पुढे-मागे करून उतार किती बदलतो तेही लिहून ठेवा.

सावधवाचक

मीनलताई, एक भर. दोन वेगळ्या कोनांच्या क्लिपा घ्या, एक रस्त्याच्या पातळीवरची आणि एक लांबून, उंचावरून घेतलेली. पहिल्या टप्प्याची लांबी दोन्हीत वेगळी आली तर तो कोनाचा परिणाम आहे. आकडे आले की इथेच टाका, भारवाहक आणि मी दोघंही तपासू.

भारवाहक

नक्की. फ्रेम क्रमांकांसकट टाका, नुसता आलेख नको.